एकसष्ट गोल मारणारा कॅर्यू

१

शनिवारी सकाळी सुहासिनीचा फोन आला, तेव्हा मी हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये सलाइनचे खोके लावून घेत होतो.

"अहो, क्लबात चोरी झालीय," ती म्हणाली.

"काय गेलं?"

"एक नाव."

माझी बायको कोड्यात बोलत नाही. ती अबुधाबीतल्या एका इंजिनियरिंग कंपनीत सेक्रेटरी होती. तिचा बॉस इयन बॅक्स्टर हा पेलिकन्स नावाच्या क्लबचा प्रेसिडेंट. ऑस्ट्रेलियातून नोकरीसाठी आलेली मंडळी तिथे दर शुक्रवारी त्यांचा फुटबॉल खेळत. आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. चेंडू अंड्यासारखा लांबट, मैदान लंबगोल, आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने चेंडू मारला की गोल, त्याचे सहा पॉइंट. बाजूच्या खांबांतून गेला तर बापडा एकच पॉइंट.

क्लबहाउसच्या भिंतीवर सागवानी फळी होती. तिच्यावर दर वर्षी सगळ्यात जास्त गोल मारणाऱ्याच्या नावाची पितळी पट्टी बसवत. १९९१ पासून २००१ पर्यंत अकरा पट्ट्या. त्यातली १९९४ ची पट्टी कुणीतरी काढून नेली होती.

"मग दुसरी करून लावा," मी म्हणालो. "एका पट्टीसाठी एवढं काय?"

"इयनने मला लेटर टाइप करायला सांगितलंय. कमरुद्दीनला काढायचं. व्हिसा कॅन्सल."

मी खोका खाली ठेवला. कमरुद्दीन म्हणजे क्लबचं किचन आणि साफसफाई बघणारा दापोलीचा माणूस. आमच्या घरी ईदचा शिरखुर्मा सात वर्षं त्याच्याकडूनच यायचा.

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मंगळवारपर्यंत वेळ दे. तो हसला. म्हणाला, ओके सू, यू आर द डिटेक्टिव. तुम्ही संध्याकाळी गाडी घेऊन या."

सुहासिनीकडे लायसन्स नव्हतं. तीन वेळा टेस्ट देऊन तिने तो नाद सोडला होता. त्यामुळे या सगळ्या तपासात मी होतो तो ड्रायव्हर म्हणून.

२

फळीसमोर ती बराच वेळ उभी राहिली. १९९३ आणि १९९५ च्या मधे लाकडाचा फिकट चौकोन दिसत होता.

"स्क्रू बघा," ती म्हणाली.

पट्टी काढून झाल्यावर दोन्ही स्क्रू परत आपापल्या भोकांत नीट पिळून बसवले होते. लाकडावर ओरखडा नाही. पितळेसाठी चोरी असती तर बाकीच्या दहा पट्ट्या का सोडल्या? आणि चोर स्क्रू परत कशाला लावत बसेल?

"काय लिहिलं होतं पट्टीवर?" मी विचारलं.

बाजूच्या नोटीसबोर्डावरच उत्तर होतं. दोन आठवड्यांपूर्वी लावलेला कागद. वर मोठ्या अक्षरांत के. कॅर्यू, खाली १९९४, एकसष्ट गोल, आणि मग प्रश्न: हा माणूस कोण होता? कुणाला ठाऊक असेल तर रॉसला कळवा. मी आपला स्पेलिंगवरून कॅर्यू वाचलं. सी, ए, आर, ई, डब्ल्यू.

"कुणालाच ठाऊक नाही?"

"इथला गोरा माणूस दोन वर्षं राहतो, तीन वर्षं राहतो, कॉन्ट्रॅक्ट संपलं की परत," सुहासिनी म्हणाली. "चौऱ्याण्णवच्या टीममधला आज इथे एकही नाही. आणि एकसष्ट हे क्लबचं रेकॉर्ड आहे. त्याच्या खालोखाल चोपन्न. रॉसचे या सीझनला अठ्ठावन्न झालेत. शुक्रवारी शेवटची मॅच."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "अगं, मग सोपं आहे! कॅर्यूची पट्टी नाहीशी झाली की रॉसचे अठ्ठावन्न आत्ताच रेकॉर्ड!"

"मलाही तेच वाटलं," ती म्हणाली. "म्हणून त्याला बोलावलंय."

३

रॉस तिशीचा, तांबड्या केसांचा, बंदरावर क्रेनचा इंजिनियर होता. आमचा संशय ऐकून तो चिडला नाही, उलट खुर्ची ओढून आमच्यासमोर बसला.

"मिसेस मोघे, मी या माणसाला सहा महिने शोधतोय. पर्थला ईमेल केल्या, मेलबर्नला केल्या. तेव्हाच्या कॅप्टनला आठवलं असतं, पण तो वारला. माझा रेकॉर्ड होणार असेल तर तो माणूस समोर हवा. रिकाम्या जागेला हरवून मी काय करू?"

"तुम्हाला काहीच सापडलं नाही?"

"एकच गोष्ट विचित्र आहे. क्लबच्या मेंबरांच्या यादीत कॅर्यू नावाचा माणूस कधीच नव्हता."

त्याने कपाटातून जुनी स्कोअरबुकं काढून दिली आणि भिंतीवरचा १९९४ चा टीम फोटो दाखवला. उन्हाने फोटो पार उडाला होता. चेहरे पांढुरके, टोप्यांच्या सावलीत अर्धे बुडालेले. सुहासिनीने खालची नावं मोजली, मग माणसं मोजली. नावं एकवीस, माणसं बावीस.

तिने पर्समधून चष्मा काढला आणि पहिल्या रांगेच्या टोकाला बोट ठेवलं. "याच्या पायात बूट नाहीत."

रॉस वाकला. बाकी सगळ्यांच्या पायात खिळ्यांचे बूट होते. टोकाचा माणूस अनवाणी होता.

"मी हा फोटो शंभर वेळा बघितलाय," तो हळूच म्हणाला.

"तुम्ही चेहरे बघत होतात," सुहासिनी म्हणाली. "चेहरे तर दिसतच नाहीत."

४

कमरुद्दीन किचनमध्ये कांदे चिरत होता. आम्हाला बघून त्याने स्टुलं पुसून पुढे केली, पण नजर वर केली नाही.

"कमरुद्दीन, किल्ली तुझ्याकडे, इयनकडे आणि क्लबच्या सेक्रेटरीकडे," सुहासिनी म्हणाली. "ते दोघे शुक्रवारी मॅचसाठी दुबईला होते. इथे तू होतास."

"होय भाभी."

"पट्टी शुक्रवारी सकाळी होती?"

"होती. मीच फडका मारला होता."

"मग?"

"जुम्म्याच्या नमाजला गेलो. येऊन जेवलो, आडवा झालो. काल लक्षच गेला नाही. आज सकाळी साहेबांनी आरडाओरडा केला तेव्हा बघितला."

"नमाजला जाताना कुलूप लावलं होतंस?"

तो कांदा चिरायचा थांबला. "दार लोटून गेलो होतो."

"साहेबांना हे सांगितलंस?"

"नाही."

"तू इतका पक्का माणूस, बर्फाच्या पेटीलासुद्धा कुलूप लावतोस. दार लोटून गेलास म्हणजे आत कुणीतरी होतं. ज्याच्या भरवशावर तू दार उघडं टाकशील असं कुणीतरी."

कमरुद्दीनने सुरी खाली ठेवली. डोळ्यांत पाणी होतं, ते कांद्याचं की कसलं, कळेना.

"भाभी, कुराणाची कसम, पट्टी मी नाही घेतली. पण कुणी घेतली ते मला विचारू नका. मला काढायचा तर काढू देत. दापोलीला माझी बाग हाय, मी जगेन."

"तुझी धाकटी कॉलेजात आहे ना अजून?"

"हाय," तो म्हणाला, आणि पुन्हा कांदे चिरायला लागला.

५

रविवारी आणि सोमवारी स्कोअरबुकं आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरली होती. सुहासिनी पोळ्या लाटताना मधेच येऊन पान उलटायची, पिठाची बोटं उठायची. मला वाटलं, आता रॉसची पुस्तकं आपल्याला नवी करून द्यावी लागणार.

सोमवारी रात्रीची जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "अहो, इकडे या. चौऱ्याण्णव साली पेलिकन्स अठरा मॅचेस खेळले. दहा इथे, आठ बाहेर. दुबई, बहारीन, मस्कत. कॅर्यूचे गोल कुठे आहेत बघा."

मी बोटाने रकाने शोधत गेलो. सात, पाच, आठ, सहा. सगळे इथल्याच मैदानावरचे. बाहेरच्या आठ मॅचेसमध्ये त्याचं नावच नव्हतं.

"बहारीनला जायला पासपोर्ट लागतो," ती म्हणाली. "तो ज्याच्या स्वतःच्या हातात नसतो, कंपनीच्या कपाटात असतो, असा माणूस कोण? आणि दुबईला दोन तासांसाठीसुद्धा जायची मुभा नाही, असा?"

"लेबर," मी म्हणालो. "पण नाव तर गोऱ्याचं आहे."

"आहे का?" तिने पहिल्या मॅचचं पान काढलं. "इथे स्कोअररने नाव 'के'ने सुरू केलंय. दुसऱ्या मॅचला तेच नाव 'सी'ने, आणि मधे दोन 'आर'. तिसऱ्या मॅचला खोडून सी-ए-आर-ई-डब्ल्यू, आणि मग शेवटपर्यंत तेच. इयन मला सू म्हणतो, पण त्याला माझं नाव लिहायचं असलं की विचारायला येतो. स्वतःच्या देशातलं, ओळखीचं आडनाव कुणी तीन प्रकारे लिहितो का? हे कानाने ऐकून लिहिलंय. ऐकलेल्या नावाशी जुळणारं एक नाव त्या माणसाला ठाऊक होतं, ते त्याने लिहून टाकलं."

"म्हणजे कॅर्यू नावाचा माणूसच नाही."

"माणूस आहे," ती म्हणाली. "नाव नाही. आणि मला वाटतं, तो अजून इथेच आहे."

"कशावरून?"

"इतक्या वर्षांत क्लबातून कोण गेलं नाही? गोरे सगळे गेले. कमरुद्दीन राहिला. आणि कमरुद्दीन ज्याच्याबरोबर एका ताटात जेवतो, तो राहिला."

मला मैदानावरचे मामा आठवले. माण तालुक्याचे, पन्नाशी ओलांडलेले, मैदानाला पाणी घालणारे, चुन्याने रेषा मारणारे. चुन्याची पोती क्लबहाउसच्या मागच्या खोलीत असायची, त्यामुळे ते दिवसातून दहादा आतबाहेर करत. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. कमरुद्दीनसुद्धा.

"त्यांचं नाव काय गं?" मी विचारलं.

सुहासिनीने माझ्याकडे बघितलं. तिलाही माहीत नव्हतं.

६

मंगळवारी चार वाजता आम्ही मैदानावर पोचलो. मामा पलीकडच्या खांबांपाशी गुडघ्यावर बसून चुन्याची रेघ सरळ करत होते.

"मामा, रविवारी तुम्ही गावाला चाललात असं ऐकलं," सुहासिनी म्हणाली.

"व्हय ताई. आता कायमचंच. कागद झालं समदं."

"मामा, सात वर्षांत आम्ही कधी विचारलं नाही, चुकलंच. तुमचं नाव काय?"

त्यांनी हात झटकले, उभे राहिले. एकदा आमच्याकडे आणि एकदा क्लबहाउसकडे बघितलं.

"केरू," ते म्हणाले. "केरू बाबा खांडेकर."

मी मनातल्या मनात ते नाव इंग्रजीत म्हणून बघितलं. केरू, कॅर्यू.

मामांनी खांबाजवळची पिशवी आणली. आत धुतलेल्या टॉवेलात गुंडाळलेली पितळी पट्टी होती.

"चोरी न्हाई केली, ताई. माझं व्हतं म्हणून घेतलं. मला कुठं इंग्रजी वाचता येतंय? आठ वर्सं ती फळी मीच तेल लावून पुसतुया, पर माझं नाव त्यात हाय हे मला म्हाईतच नव्हतं. पंधरा दिवसांखाली कमऱ्यानं त्यो कागद वाचून दावला. म्हनला, चौऱ्याण्णव साली एकसष्ट गोल कुनी मारलं म्हणून इचारतायत. मी म्हनलं, आरं, ते तर मीच मारलं व्हतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. खेळाडू सरावाला यायचे तेव्हा खांबांमागे गेलेले चेंडू आणून द्यायचं काम त्यांचं. चालत कशाला जायचं, म्हणून ते तिथूनच लाथेने परत पाठवायचे. चेंडू थेट मैदानाच्या मधोमध. तेव्हाच्या कॅप्टनने ते बघितलं आणि पुढच्या शुक्रवारी त्यांना टीमचा शर्ट घातला. स्कोअर लिहिणाऱ्याने नाव विचारलं, यांनी सांगितलं केरू. आडनाव विचारलं, भाषा कळली नाही, यांना वाटलं नीट ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं केरू.

"सीझन संपला तवा कॅप्टननं हात हातात घिऊन सांगितलं, सिक्स्टी वन. तेवढं ध्यानात ऱ्हायलं. फुडल्या वर्सी नवा फोरमन आला. म्हनला, कामाला आलायस का खेळायला? पुन्हा मैदानात दिसलास तर गावचं तिकीट काढीन. तवापासनं बंद."

"पण मामा, मागितली असती तर दिली नसती का पट्टी?"

"कोन इस्वास ठिवनार, ताई? आन् म्हनलं, गावाकडं तरी दावावी. माजं पोरगं म्हनतं, बाबा, तुम्ही तिथं नुसता चुना मारता."

"तुम्हाला ठाऊक आहे, या पट्टीपायी कमरुद्दीनची नोकरी चाललीय?"

मामांचा चेहरा उतरला. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. कमरुद्दीन तीन दिवस त्यांच्याबरोबर जेवत होता आणि याबद्दल एक शब्द बोलला नव्हता. मामांनी पिशवी उचलली, आम्हाला काही न विचारता क्लबहाउसकडे चालायला लागले. आम्ही मागे.

७

इयन बॅक्स्टर वाईट माणूस नव्हता, पण त्याला कागद लागायचा. मामांनी पट्टी त्याच्या टेबलावर ठेवली, सुहासिनीने त्यांचं बोलणं इंग्रजीत सांगितलं, तरी तो मान हलवत राहिला.

"सू, चोरी पकडली गेल्यावर कुणीही म्हणेल, ते माझं नाव आहे."

सुहासिनीने स्कोअरबुकातली तीन पानं उघडून ठेवली. घरच्या दहा मॅचेस, बाहेरची एकही नाही. मेंबर नाही. बावीस माणसं, एकवीस नावं, अनवाणी पाय. मग तिने रॉसला सांगितलं, "हे तीन प्रकारे लिहिलेलं नाव मोठ्याने वाच." रॉसने वाचलं. तिन्ही वेळा खोलीत एकच आवाज झाला, आणि तिन्ही वेळा मामांनी सवयीने मान वर केली.

इयनने पानं पुन्हा चाळली. पण रॉसने कपाटावरचा चेंडू काढून मामांच्या हातात दिला. "चलो," तो हिंदीत म्हणाला.

आम्ही सगळे बाहेर आलो. कमरुद्दीनही हात पुसत आला. रॉसने मामांना खांबांपासून चाळीस मीटरवर, तेही तिरपं उभं केलं. मामांनी चेंडू दोन्ही हातांत फिरवून बघितला. पहिली लाथ मारली. चेंडू बाजूच्या खांबाला लागून खाली पडला. इयनने माझ्याकडे बघितलं.

मामांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. दोन पावलं मागे गेले. खाली वाकून चिमूटभर वाळू उडवून वारा बघितला. दुसरी लाथ.

चेंडू उजवीकडच्या मशिदीच्या दिशेने निघाला, मला वाटलं गेला. मग हवेतच डावीकडे वळला आणि दोन उंच खांबांच्या बरोबर मधून पार झाला.

"ब्लडी हेल," रॉस म्हणाला.

इयन आधी कमरुद्दीनकडे गेला आणि त्याचा हात हातात घेऊन सॉरी म्हणाला. त्याने कुणा कामगाराला सॉरी म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. ते लेटर टाइप झालंच नाही. पट्टी मामांना मिळाली, आणि फळीसाठी नवी करायला टाकली. तिचं स्पेलिंग सुहासिनीने लिहून दिलं, दुकानदाराकडून दोनदा वाचून घेतलं.

८

शुक्रवारच्या मॅचला मामांना कमिटीबरोबर खुर्ची दिली होती. दहा मिनिटंही ते तिथे बसले नाहीत, खांबांमागे जाऊन उभे राहिले.

रॉसचे हाफटाइमपर्यंत दोन गोल झाले. साठ. नंतर समुद्राकडून वारा सुटला आणि त्याच्या तीन लाथा वाया गेल्या. शेवटच्या क्वार्टरआधीच्या सुट्टीत तो पळत मामांकडे गेला. मामांनी त्याला हाताने काहीतरी दाखवलं, मनगट वळवून, पुन्हा पुन्हा. कुठल्या भाषेत बोलले देव जाणे. तिसरा गोल झाला, एकसष्ट. शेवटच्या शिट्टीआधी चौथा. बासष्ट. सगळे मैदानात धावले. रॉस मात्र उलट्या दिशेने, खांबांमागे धावला, आणि मामांना उचलूनच घेऊन आला.

रविवारी सकाळी आम्ही मामांना एअरपोर्टवर सोडायला निघालो. पुढे मी आणि मामा, मागे सुहासिनी आणि कमरुद्दीन. कमरुद्दीनने वाटेत खायला अंडा-पराठे दिले होते, त्यांचा वास गाडीभर. तो एरवी बडबड्या, पण तेव्हा खिडकीतून बाहेर बघत होता.

"मामा," सुहासिनीने विचारलं, "खरं सांगा. आठ वर्षांनी कळलं की रेकॉर्ड आपलं आहे, आणि तीन आठवड्यांत ते मोडलं. वाईट नाही वाटलं?"

मामांनी मान हलवली.

"न्हाई ताई. मोडायला आलं म्हणून तर त्यानं इचारलं, ह्यो माणूस कोन व्हता. न्हाईतर कोन इचारनार व्हतं?"

मग ते मागे वळून कमरुद्दीनला म्हणाले, "कमऱ्या, गप का बसलायस? माणदेशात ये की कधी. तुला आमच्याकडचं मटण खाऊ घालतो."

"येतो मामा," कमरुद्दीन म्हणाला, आणि जरा थांबून पुन्हा म्हणाला, "येतो, केरूभाऊ."